आमच्या घराची हाक

मोरेश्वरनं मशीन बंद केलं आणि एकदम सगळं गप्प झालं. होडीच्या पोटाखाली पाणी चुबुकचुबुक करत होतं, तेवढाच काय तो आवाज. धुकं असं दाटलेलं, की मी पुढच्या फळीवर आणि नवरा मागं सुकाणूला, तरी मला त्याचं डोकं दिसत होतं आणि पाय दिसत नव्हते.

"कान दे," तो म्हणाला.

"दिलेत. पण ऐकू काय? आपल्या घरची हाक मारणारी तर इथं बसलीय होडीत."

तो हसला नाही. मीही थट्टा म्हणून बोलले नव्हते. घाबरले की माझी जीभ जास्त चालते.

आधी आमच्या करंजखोलची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खाडीच्या तोंडावर आमचा कोळीवाडा. थंडीत सकाळी खाडीवर धुकं बसतं, ते उन्हं वर आल्याशिवाय हलत नाही. खाडीत शिरायची वाट चिंचोळी. उजव्या अंगाला आमचा किनारा, डाव्या अंगाला काळी खडपं. लाकडाची होडी त्या खडपांना लागली की फळ्या सुट्या झाल्याच म्हणून समजा. म्हणून धुक्याच्या दिवशी घरच्या बाईनं किनाऱ्यावरच्या मोठ्या कातळावर उभं राहून हाक मारायची आणि त्या आवाजाच्या रोखानं पुरुषानं होडी घ्यायची. प्रत्येक घराची हाक वेगळी. आमच्या घराची 'येऽऽऽ, ये, ये'. पहिला लांब, वर चढवलेला, आणि मागून दोन तोडलेले. नवी सून आली की आधी तिला हाक शिकवायची, मासळी कापायला मागाहून.

आणि होडीवरून उत्तर तोंडानं द्यायचं नाही. वल्हं फळीवर आपटायचं, ठक ठक. हाक मारणारी थांबते, ठोका ऐकते, मग पुन्हा मारते. तोंड का उघडायचं नाही, ते सासूनं मला लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत सांगितलं होतं.

"खडपं ऐकतात," ती म्हणाली होती. "ऐकून ऐकून शिकतात. जी हाक ठोक्यासाठी थांबत नाय ती आपली नाय. तिच्याकडं होडी न्यायची नाय."

मी तेव्हा तोंडावर पदर धरून हसले होते. तरणी होते, आणि गळा माझा असा की खाडीपलीकडच्या गावात माझी हाक ऐकू जायची. मोरेश्वर म्हणायचा, डोळे मिटून येतो मी तुझ्या आवाजावर.

आम्ही दोघं एकाच वाडीतले. लहानपणापासून मी त्याला तू म्हणत आले, लग्नानंतरही जीभ वळली नाही. "नवऱ्याला तू म्हणतेस, सुंद्रे?" म्हणून सासू करवादायची. बाई बोलायला फटकळ, पण हाताखाली घेतलेल्या सुनेला उपाशी ठेवणारी नव्हती. बाजारात टोपली घेऊन बसली की गिऱ्हाईक तिला भाव विचारताना आधी घसा साफ करायचं. मी तिला 'आये' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. तिचं नाव चांगुणा. ते नाव घ्यायची माझी छाती नव्हती. नवऱ्याला तू म्हणणं वेगळं आणि सासूचं नाव घेणं वेगळं, जीभ झडली असती.

तर मी होडीत कशी? दीर दोघे. थोरला मुंबईला मोठ्या ट्रॉलरवर गेला, धाकटा मस्कतला. लहान होडीवर यायला खलाशी मिळेना. मोरेश्वर एकटाच जायचा, आणि एकट्यानं जाळं ओढताना एक दिवस त्याचा खांदा निखळला. बसवला वैद्यानं, पण पहिल्यासारखा झाला नाही. होडी किनाऱ्यावर पालथी पडून राहिली, आणि घरात ती विकायचं बोलणं निघालं. तेव्हा मी म्हटलं, "मी येते वल्ह्याला."

घरात असा गलका झाला म्हणता! आमच्याकडं बाई मासळी विकायची, बोंबील वाळवायची, जाळं विणायची, हाक मारायची. होडीत बसून दर्यावर गेलेली बाई वाडीत कोणी पाहिली नव्हती. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावले. पण सासूचा मुद्दा वेगळाच होता.

"तू होडीत गेलीस तर कातळावर कोण उभं राहणार?" ती म्हणाली. "माझा घसा गेला. ह्या घराला आता तुझाच गळा हाय."

"तुम्ही मारा हाक, जमेल तशी."

"मी? मेले तरी नाय. बुडालात तरी मी त्या कातळावर पाय ठेवायची नाय. ऐकून ठेव."

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. भाकरी माझ्यापुढं ठेवायची, पण बोलायची भिंतीशी. मीही हट्टी. आणि खरं सांगू? खांदा, खलाशी, हे सगळं होतंच, पण मला होडी आवडली होती. किनारा मागं पडला की माझ्या छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. ती विकली असती तर मी जन्मभर टोपलीमागं बसले असते आणि कोणाला काही म्हणाले नसते, पण आतून संपले असते. सगळे टपून होते, की एकदा ह्यांची होडी अडचणीत येऊ दे, म्हणजे सुंद्रा येईल ताळ्यावर.

आणि त्या सकाळी होडी अडचणीत आली.

बोय मासळी लागली होती म्हणून सगळ्या होड्या पहाटेच गेल्या होत्या. परतायच्या वेळी आमचं जाळं तळाला अडकलं. ते सोडवेपर्यंत धुकं उतरलं. बाकीच्या घरांच्या हाका आम्ही लांबून ऐकल्या, त्यांचे ठोके ऐकले, आणि मग एकेक हाक बंद होत गेली. त्यांच्या होड्या लागल्या, बाया टोपल्या उचलून घरी गेल्या. आम्ही खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

"नांगर टाकू," मी म्हटलं. "उन्हं वर येईस्तो थांबू."

"थांबू," मोरेश्वर म्हणाला. "पाणी सुकतीचं हाय, आता तळालाच गेलंय. भरती लागायच्या आत सुटलं धुकं तर..."

त्याचं बोलणं तिथंच राहिलं.

"येऽऽऽ, ये, ये."

डाव्या बाजूनं आली हाक. स्वच्छ, लांब, वर चढलेली. मागून दोन तोडलेले. आमच्या घराची हाक.

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, आली बाई म्हातारी, विरघळली! आणि मग डोक्यात लख्ख झालं. म्हातारीचा गळा असा नव्हता. तिचा आवाज फाटका, खरखरीत. हा आवाज कोवळा, घट्ट, खाडीपार जाणारा होता. हा आवाज माझा होता.

मी तोंडाला हात लावून बघितला. तोंड बंद होतं माझं.

"येऽऽऽ, ये, ये."

मोरेश्वरनं वल्हं उचलून फळीवर आपटलं, ठक ठक. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. पण हाक ठोक्यासाठी थांबली नाही. ठोक्यावरच आली, "येऽऽऽ, ये, ये," आणि लगेच पुन्हा. दम घ्यायलाही थांबत नव्हती ती.

आणि मी बघते तर मोरेश्वरचा चेहरा सैल झालेला. थकून आलेल्या माणसाला घराचा दिवा दिसावा तसा. त्यानं वल्हं पाण्यात घातलं आणि होडीचं तोंड डावीकडं वळवायला लागला.

"अरे काय करतोस? तिकडं खडपं हायत!"

"सुंद्रा बोलावतेय," तो म्हणाला.

"मी इथं हाय! मोरेश्वर, मी इथं बसलेय!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघत राहिला. मग तो त्या मागच्या फळीवर जरा मागं सरकला, माझ्यापासून लांब. वल्हं त्यानं दोघांच्या मधे धरलं.

"मग तू कोण?" तो म्हणाला.

माझ्या नवऱ्यानं मला असं विचारलं. रडू फुटायचं ते फुटलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी कोण? काल कालवण खारट झालं म्हणून ताट सरकवलंस, मग अंधारात उठून टोपातलं सगळं चाटूनपुसून खाल्लंस ना, ते बघून न बघितल्यासारखं करणारी मी! विचार त्या खडपावरच्या बाईला, तिला म्हायती हाय का!"

त्याच्या डोळ्यांत ओळख आली. हळूहळू आली. वल्हं त्याच्या हातून सुटलं, ते मी धरलं म्हणून वाचलं. "आयला," तो पुटपुटला, "आयला सुंद्रे." मी पुढं होऊन नांगर पाण्यात सोडला. दोरी ताणली गेली, होडी थांबली. हाक चालूच होती.

"ऐकू नको," मी म्हटलं. "बोटं घाल कानात."

त्यानं खरंच घातली. मी घातली नाहीत, म्हणून दुसरी हाक मला ऐकू आली.

उजवीकडनं, किनाऱ्याच्या बाजूनं. "ये... ये, ये." पहिला अर्ध्यात तुटलेला, मागून खोकला. मग शांतता. मग पुन्हा, तसाच फाटका आवाज. आमच्या घराचीच हाक.

"आये!" मी मोरेश्वरचे हात कानांवरून ओढून काढले. "आये आलीय कातळावर! ऐक!"

त्यानंही ऐकलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं फळीवर ठोका दिला, ठक ठक. म्हातारी थांबायला हवी होती. थांबलीही ती, पण आमच्या ठोक्यासाठी नव्हे. डावीकडून ती माझ्या आवाजातली हाक आली, आणि मग म्हातारीनं तिला उत्तर दिलं. पुन्हा डावीकडून हाक. पुन्हा म्हातारीचं उत्तर. दोघी एकमेकींना हाका मारत होत्या, आणि आमचा ठोका कोणाच्या गावीही नव्हता.

मी कान देऊन बसले. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. म्हातारीचा आवाज एका जागी नव्हता. आधी उजवीकडं होता. आता समोर होता.

"ती चाललीय," मी म्हटलं. "मोरेश्वर, आये पाण्यातून चाललीय. त्या हाकेकडं चाललीय."

सुकतीला कातळापासून पुढं गुडघाभर पाणी असतं, वाळू असते पायाखाली. पण होड्यांच्या वाटेशी आलं की वाळू एकदम संपते आणि माणूस बुडेल एवढं पाणी लागतं. सासूला पोहता येत नव्हतं. दर्याकाठी जन्म गेला, पण बाईला पोहायला कोण शिकवतं आमच्यात? मला शिकवलं मोरेश्वरनं, तेही होडीवर यायचं ठरल्यावर.

"आये!" मोरेश्वर ओरडला. रीत, नेम, सगळं विसरून तोंड उघडलं त्यानं. "आये! थांब! आये!"

म्हातारी थांबली. पाणी चुबळायचा आवाज थांबला. आणि त्याच वेळी खडपाकडून आलं, "आये! आये!" त्याच्याच आवाजात. जरा जास्त गोड. का नाही येणार? ह्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या पोरं आयेला हाका मारत आलीत, खडपांनी ती हाक सगळ्यात आधी शिकली असणार.

"आले रे बाबा," म्हातारी म्हणाली. आमच्याशी नाही. "आले, धरून राहा दोघं. आले मी."

आणि पाणी पुन्हा चुबळायला लागलं, आधीपेक्षा घाईनं.

मोरेश्वर पाण्यात उडी टाकायला निघाला. मी त्याचा सदरा धरला. एका खांद्यानं काय पोहणार होता, आणि पोहणार कुठं? होडीच्या काठापलीकडं काही दिसत नव्हतं. हाक मारून उपयोग नाही, सून म्हणून मारीन ती हाक खडपांना पाठ. 'आये' पाठ. 'ये ये' पाठ. जे जे म्हणून ह्या पाण्यावर कधी ओरडलं गेलं ते सगळं पाठ.

मग जे कधीच कोणी ओरडलं नाही ते काय?

मी होडीत उभी राहिले. देवाशपथ, खडपांपेक्षा मला त्या घडीला सासूची जास्त भीती वाटली. डोळे मिटले आणि होता तेवढा गळा काढला.

"चांगुणेऽऽ! ए चांगुणे! मागं फिर!"

सगळं गप्प. म्हातारीचं पाणी गप्प. मोरेश्वर माझ्याकडं तोंड वासून बघत राहिला. आणि खडपाकडूनही काहीच आलं नाही. पहिल्यांदाच ती हाक तुटली.

"चांगुणे! बहिरी झालीस का? मागं फिर म्हणते ना! म्हातारपणी अक्कल गेली काय तुझी?"

आणि मग धुक्यातून आलं.

"कोण गं? कोण ती सटवी माझं नाव घेणारी? कुणाची टाप हाय?"

"मी सुंद्रा! तुझी सून! काय करशील?"

"सुंद्रे, तुझं थोबाड फोडीन! सासूचं नाव घेतेस? सासूला अरेतुरे? थांब तू, हातात सापड, झिंज्या उपटते तुझ्या!"

"ये की मग! इकडं ये, आवाजाकडं ये!"

"येते! येते थांब!"

आणि तिचा आवाज आमच्याकडं वळला. मोरेश्वरनं नांगर ओढला, मी दोन्ही वल्ही मारली. म्हातारीच्या शिव्यांच्या रोखानं आम्ही होडी घेतली. ती थांबली की मी तिला पुन्हा नावानं डिवचायचे, ती पुन्हा तोंड सोडायची. माझ्या माहेरचं कोणी तिनं शिल्लक ठेवलं नाही. हसू आणि रडू एकदमच येत होतं मला. मग धुक्यात एक काळं काहीतरी दिसलं, कमरेइतक्या पाण्यात हात उगारून उभं. भरती लागली होती. तिच्या पुढं दोन पावलांवर वाळू संपत होती.

मोरेश्वरनं चांगला हात तिच्या काखेत घातला, मी कासोटा धरला, आणि आम्ही तिला ओढून होडीत घेतलं. जन्मात होडीत पाय न ठेवलेली बाई तळाला, बोयींच्या ढिगात, येऊन पडली. उठून बसली. माझ्या थोबाडीत मारायला तिनं हात वर केला. तो हात तसाच माझ्या गालावर ठेवला. गार पडला होता अगदी.

"तू इथं हायस," ती म्हणाली.

"इथंच हाय, आये."

"मग ती..."

"येऽऽऽ, ये, ये." पुन्हा सुरू झालं डावीकडून.

तिघं आम्ही खिळून बसलो. नांगर पुन्हा टाकला होता. धुकं सुटेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. हाक येत राहिली, आणि दर हाकेला सासू माझ्या तोंडाकडं बघायची. माझे ओठ मिटलेले, आणि माझा आवाज तिकडून येतोय. तिनं माझ्या ओठांवर बोटं ठेवली आणि काढलीच नाहीत. त्या बोटांना पेजेचा वास होता.

तशीच बसून ती सांगायला लागली. "चुलीवर पेज होती. मी कातळावर येणार नव्हते, सांगितलंच होतं तुला. घरात बसून ऐकली तुझी हाक. पाण्यावरून. म्हटलं, होडी फुटली, पोरगी खडप धरून ओरडतेय. धावत आले. वाटेत दोघीतिघींना विचारलं, ऐकलीत का सुंद्राची हाक. कोणी ऐकली नव्हती."

"तुझीच हाक खडपावर आपटून घुमली असेल, आये," मोरेश्वर म्हणाला. त्याला धीर हवा होता. "आवाज घुमतो तिथं."

"मी तोंड उघडायच्या आधी आली ती," सासू म्हणाली. "मी पेज ढवळत होते."

मोरेश्वरनं नांगराची दोरी चाचपून बघितली.

उन्हं वर आली आणि धुकं फाटलं. खडपं दिसली. ओली, काळी, आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. दुसरं काही नव्हतं. किनारा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता, लाज वाटावी इतका जवळ. मी वल्ही हातात घेतली.

"नाव घेतलंस माझं," सासू म्हणाली. आता ती माझ्याकडं बघून बोलत होती, भिंतीशी नव्हे.

"घेतलं."

"अख्ख्या खाडीवर."

"पुन्हा पाण्यात गेलात तर पुन्हा घेईन."

ती हसली. पुढचे दात नव्हते तिला. "मार वल्हं," म्हणाली. "नीट मार. डावा हात कमी पडतोय तुझा."

होडी विकायचं बोलणं त्या दिवसापासून घरात निघालं नाही. बाजारात कोणी माझ्यावरून कुजबुजलं की सासू टोपलीवरून उठायची, "माझी सून होडीवर जाते, तुझी काय करते?" असं विचारायची. दोन-तीन थंड्यांत वाडीतल्या आणखी बाया वल्ह्याला बसल्या. कातळावर तेव्हापासून थकलेले पुरुष उभे राहू लागले. आधी लाजायचे फार, बायकी हाक मारायला. मग शिकले.

सासू पुष्कळ वर्षांनी, नातसून घरात आल्यावर, घरातच वारली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. अकरावा-बारावा झाला, आणि त्यानंतरच्या थंडीत पहिलं धुकं उतरलं त्या सकाळी मी होडीवर होते. मोरेश्वर कातळावर, त्याचा खांदा आता पार गेलाय. माझ्यासोबत माझी सून, मंगल. मी मशीन बंद केलं. उजवीकडनं मोरेश्वरची हाक आली, घोगरी. मंगलनं ठोका दिला. तो थांबला, त्यानं ऐकलं, पुन्हा हाक मारली. सगळं रीतसर चाललं होतं.

आणि डावीकडून आलं, "चांगुणेऽऽ! ए चांगुणे! मागं फिर!"

माझा आवाज. त्या दिवशीचा, तरणा. शब्द न् शब्द तोच. त्या सकाळी खडपांनी ते नाव परत केलं नव्हतं, ठेवून घेतलं होतं.

मंगलचा चेहरा पांढराफटक झाला. "आई, कोण बोलावतंय? आजीला बोलावतंय कोणी?"

"ठोका दे," मी म्हटलं. "उजवीकडं चल."

तेव्हापासून दर धुक्याला ते ऐकते. माझ्या आवाजाची मला भीती वाटत नाही, माझाच आहे तो. भीती दुसरीच आहे. त्या सकाळी खडपांनी नुसतं नाव ऐकलं नव्हतं, तिच्या शिव्याही ऐकल्या होत्या. एखाद्या दिवशी धुक्यातून मला तिच्या आवाजात शिवी आली ना, "सुंद्रे, थांब तू" म्हणून, तर मी होडी वळवणार नाही असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. फार आठवण येते तिची.

म्हणून मंगलला सांगून ठेवलंय. "मी डावीकडं वल्हं मारायला लागले तर मला नावानं हाक मार. सुंद्रे म्हण. वाटेल ते बोल."

ती लाजली. "आई, तुमचं नाव कसं घेऊ? बरं, घरात म्हणून बघू का एकदा, सवय होईल."

"नको," मी म्हटलं. "घरात नको, किनाऱ्यावर नको, कुठंच नको. खडपं ऐकतात. तुझ्या तोंडून एकदाच चालतं ते."